जन्माची वही आपणच ठेवली पाहिजे

(संघटनेच्या आरोग्य शिबिरात आरोग्याचं काम करणाऱ्या ताईंनी केलेलं भाषण. बोलणं टिपून घेतलं आणि थोडं नीट करून इथे दिलं आहे. ज्या पाड्यांवर बातमीपत्र पोचेल तिथे ते बायांच्या बैठकीत मोठ्याने वाचून दाखवावं.)



आज मला किरणोत्सर्गावर बोलायला सांगितलं आहे. काल रात्री स्वयंपाक करताना एका बाईने मला विचारलं, "ताई, आपल्याकडे कुठे युरेनियमची खाण आहे? आपलं भांडण फॉरेस्टशी. मग हे कशाला?" प्रश्न बरोबर आहे, आणि त्याचं उत्तर शेवटी तुम्हीच द्याल. आधी मी एका बाळाची गोष्ट सांगते.

बऱ्याच वर्षांपूर्वी एका पाड्यावर मूल झालं. पाठीवर, कमरेच्या वर, लिंबाएवढा फोड. कातडी नाहीच, आतलं दिसत होतं. पाय हलत नव्हते. तिसऱ्या दिवशी ते गेलं. त्याचं नावही ठेवलं नव्हतं. आई मला एकच विचारत होती, "माझं काय चुकलं?" कोणी म्हणे ग्रहणात बाहेर गेली, कोणी म्हणे कुणीतरी करणी केली. पुढे मी सरकारी दवाखान्यात गेले आणि विचारलं, या भागात अशी मुलं किती होतात? साहेबांनी रजिस्टर उघडून दाखवलं. म्हणाले, "तुमच्याकडे असं काही नाही. शून्य आहे." मी स्वतः ते मूल हातात घेतलं होतं. आणि रजिस्टरात शून्य.

तेव्हापासून मी एक गोष्ट शिकले. जे लिहिलं नाही ते झालंच नाही, असं सरकार धरून चालतं. हे तुम्हाला नवीन नाही. वनहक्काचा दावा करताना काय झालं? पिढ्यान्‌पिढ्या जमीन कसली, पण पुरावा काय म्हणून विचारलं. तेव्हा ज्यांनी फॉरेस्टच्या दंडाच्या पावत्या पत्र्याच्या पेटीत जपून ठेवल्या होत्या, त्यांचे दावे टिकले. म्हाताऱ्यांचे जबाब लिहून घेतले, ते कामाला आले. जमिनीचं जसं, तसंच आपल्या लेकरांचं.

जादुगोडा

झारखंडमध्ये पूर्व सिंहभूम जिल्ह्यात जादुगोडा नावाचं गाव आहे. तिथे आपल्यासारखेच लोक राहतात. संथाळ, हो, मुंडा. तिथल्या डोंगरात युरेनियम सापडलं आणि १९६७ साली सरकारी कंपनी उभी राहिली. देशाच्या अणुभट्ट्यांसाठी तिथून युरेनियम निघू लागलं.

आता हे समजून घ्या. हजार किलो दगड फोडला तर त्यात किलोभरही युरेनियम निघत नाही. बाकी सगळा दगड दळून, रसायनात धुऊन त्याचा पातळ गाळ होतो. तो पाइपातून नेऊन मोठ्या तळ्यात सोडतात. युरेनियम काढून घेतलं तरी किरणं सोडणारे बाकीचे पदार्थ त्या गाळात राहतात. त्यातलं रेडियम अर्धं व्हायला सोळाशे वर्षं लागतात. त्यातून रेडॉन नावाचा वायू निघतो, त्याला ना रंग ना वास. उन्हाळ्यात तळं वाळलं की धूळ उडते. तळ्याच्या कडेला माणसं राहतात, गुरं चरतात. कामगार खाणीतल्या कपड्यांनिशी घरी यायचे आणि ते कपडे बायका हाताने धुवायच्या. १९९६ साली तिसऱ्या तळ्यासाठी चाटीकोचा गावातली घरं पाडली. त्यातून तिथल्या लोकांची किरणोत्सर्गाविरुद्धची संघटना जोर धरून उभी राहिली. २००६ च्या डिसेंबरमध्ये गाळाचा पाइप फुटला आणि तासन्‌तास गाळ ओढ्यात वाहत राहिला. कंपनीला ते कळलं गावकऱ्यांनी सांगितल्यावर.

तिथल्या बाया म्हणत होत्या, आमची मुलं व्यंग घेऊन जन्मतात, गर्भ पडतात, काहींना मूलच होत नाही. कंपनी म्हणत होती, किरणोत्सर्ग मर्यादेत आहे, तुमचे आजार दारूचे, उपासमारीचे, अस्वच्छतेचे आहेत. आता कोण खरं?

२००७ साली शांततेसाठी काम करणाऱ्या डॉक्टरांच्या एका संघटनेने तिथे घरोघर पाहणी केली. खाणीपासून अडीच किलोमीटरच्या आतली २,११८ घरं घेतली. तीस किलोमीटर लांबच्या गावांतली १,९५६ घरं घेतली. लांबची गावंही तशीच गरीब. व्यंग असलेलं मूल झालं असं सांगणाऱ्या आया जवळच्या गावांत शंभरात ४.४९ निघाल्या आणि लांबच्या गावांत २.४९. म्हणजे दोनशे आयांमागे इकडे नऊ आणि तिकडे पाच.

बघा, दोन्हीकडे गरिबी आहे, दोन्हीकडे दारू आहे. मग फरक का? हा प्रश्न त्या आकड्याने उभा केला. पण मी तुमच्यापासून काही लपवणार नाही. ही पाहणी लोकांनी आठवून सांगितल्यावर केलेली होती. ज्याच्या मनात भीती आहे तो जास्त आठवतो. प्रत्येक बाळ जन्मताच तपासून लिहिलं असतं तर कंपनीला एवढ्या सहज हात झटकता आले नसते. पाहणी एकदा होते आणि पाहुणे निघून जातात. गावाची वही दर वर्षी भरत राहते.

जंगलातले दुसरे लोक

आता दुसरीकडे नेते. युक्रेन नावाचा देश आहे. तिथे चेर्नोबिल इथली अणुभट्टी २६ एप्रिल १९८६ ला फुटली. तिचे ढग लांबवर गेले. त्या देशाच्या उत्तरेला पोलिसिया नावाचा दलदलीचा आणि जंगलाचा मुलूख आहे. तिथले लोक लाकडावर शिजवतात, बटाटे लावतात, एखादी गाय पाळतात आणि जंगलातून अळंबी आणि बोरांसारखी रानफळं गोळा करून आणतात. ओळखीचे वाटतात ना?

त्या जमिनीवर सिझियम नावाचा किरणं सोडणारा पदार्थ पडला. तीस वर्षांनी तो अर्धा होतो, साठ वर्षांनी पाव राहतो. दलदलीच्या हलक्या मातीतून तो झाडात लवकर चढतो. झाडातून गायीत, गायीतून दुधात, दुधातून लेकरात. अळंबी तर तो ओढूनच घेते. लाकूड जाळलं की तो राखेत राहतो आणि राख परत बटाट्याच्या वाफ्यात टाकतात. म्हणजे जे खाऊन ते जगत होते, त्यातच ते होतं.

तिथे रिव्हने नावाच्या प्रांतात डॉ. वेर्तेलेत्स्की यांनी तिथल्या डॉक्टरांना घेऊन २००० सालापासून प्रत्येक जन्म नोंदवायला सुरुवात केली. निरोगी मूलही लिहायचं आणि व्यंग असलेलंही. २००० ते २००६ मध्ये ९६,४३८ जन्म नोंदले. मेंदूचा आणि मणक्याचा नळा उघडा राहिलेली मुलं, म्हणजे मी सुरुवातीला सांगितलं तशी, दहा हजारात बावीस निघाली. युरोपात इतकं जास्त प्रमाण फार थोड्या ठिकाणी होतं. मग त्यांनी प्रांताचे दोन भाग केले. जंगलाच्या पोलिसिया भागात दहा हजारात सत्तावीस आणि बाकीच्या भागात अठरा. फार लहान डोक्याची आणि फार लहान डोळ्यांची मुलंही जंगलाच्या भागात जास्त होती.

ते डॉक्टर यावर काय म्हणाले? सगळं किरणांमुळेच झालं असं ते म्हणाले नाहीत. ते म्हणाले, इथे किरणं आहेत, अन्नात फॉलिक अ‍ॅसिड कमी आहे आणि दारूही आहे. यातलं कशाने किती होतं ते शोधायचं आहे. त्यांनी गरोदर बायांच्या अंगातलं सिझियम यंत्राने मोजलं, बाया दारू किती घेतात तेही विचारलं. आणि शोध पुरा होईपर्यंत हातावर हात ठेवून बसायचं नाही. जे टाळता येतं ते आजच टाळायचं. मला त्यांची हीच गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटते.

सगळीकडे सारखं दिसत नाही

कोणी तुम्हाला म्हणेल, केरळात बघा. तेही खरं आहे. केरळच्या किनाऱ्यावर करुणागपल्लीजवळ वाळूतच किरणं आहेत, पिढ्यान्‌पिढ्या. तिथे १९९५ पासून अणुऊर्जा खात्याच्या प्रयोगशाळेने दवाखान्यात जन्मणाऱ्या बाळांची नोंद ठेवली. एक लाखाच्या वर बाळं तपासली. जास्त किरणांच्या आणि कमी किरणांच्या भागात व्यंगांचा फरक दिसला नाही.

जपानमध्ये हिरोशिमा आणि नागासाकीला बॉम्ब पडले तेव्हा जी बाळं पोटात होती, त्यांतल्या काहींची डोकी लहान राहिली, बुद्धी वाढली नाही. आठ ते पंधरा आठवड्यांच्या गर्भाला सगळ्यात जास्त धोका झाला. पण बॉम्बनंतर ज्यांचा गर्भ राहिला, त्या सत्तर हजारांवर बाळांच्या तपासणीत व्यंगं वाढलेली स्पष्ट दिसली नाहीत.

म्हणून मी सांगते, घाबरून जाऊ नका आणि घाबरवू नका. किरणं किती आहेत, बाहेरून लागतात की खाण्यापिण्यातून आणि धुळीतून आत जातात, गर्भ किती आठवड्यांचा आहे, आईचं पोट भरलेलं आहे की नाही, यावर सगळं आहे. केरळचं उदाहरण आपल्याविरुद्ध नाही, आपल्या बाजूचं आहे. केरळात सरकार लाखभर बाळं तपासून लिहू शकतं, तर खाणीभोवतीच्या आदिवासी गावांतही प्रत्येक बाळ तपासून लिहू शकतं. लिहा, आणि ग्रामसभेला वाचून दाखवा, एवढंच म्हणणं आहे.

हिशोब कसा करायचा

आता थोडं गणित. कुठल्याही देशात, कुठल्याही जातीत, शंभर बाळांत दोन-तीन बाळं मोठं व्यंग घेऊन येतात. श्रीमंतांकडेही येतात. म्हणून एका पाड्यावर एका वर्षी दोन अशी बाळं झाली तर लगेच कारण सापडलं असं होत नाही. आणि एकही झालं नाही तर सगळं ठीक आहे असंही होत नाही. पाड्यावर वर्षाला पंधरा-वीस जन्म. तेवढ्यात काही कळत नाही. मणक्याचा नळा उघडा राहणं हे तर हजारात एखादं. चाळीस-पन्नास गावांनी एकाच पद्धतीने, चार-पाच वर्षं लिहिलं तरच खरं काय ते दिसायला लागतं. एकट्या गावाचं काम नाही हे. संघटनेचं आहे.

वहीत काय लिहायचं? तारीख, पाडा, आईचं वय, कितवं बाळ, वजन. जिवंत की मेलेलं जन्मलं. मेलेलं मूल आणि पडलेला गर्भ लिहायला बाया लाजतात. ते लिहिलं नाही तर अर्धी गोष्ट पुरली जाते. मग बाळ उघडं करून डोक्यापासून पायापर्यंत बघायचं. डोकं फार मोठं की फार लहान. ओठ फाटलेला आहे का. तोंडात बोट घालून टाळू बघायची. पालथं करून पाठीचा कणा बघायचा. हाताची बोटं, पायाची बोटं, पाऊल आत वळलेलं आहे का. शी ची जागा उघडी आहे का, कारण ती बंद असली तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा लागतो. बाळ निळं पडतं का. निरोगी बाळ असलं तरी लिहायचं, "सगळं ठीक". ठीक बाळं लिहिली नाहीत तर शंभरात किती हे कधीच निघणार नाही.

शिवाय गर्भ राहिला तेव्हा आई कुठे होती. हे आपल्यासाठी फार महत्त्वाचं. दिवाळीनंतर आपले लोक वीटभट्टीवर जातात, द्राक्षाच्या बागेत फवारणीला जातात. पाणी कुठलं प्यायली, औषधं कुठली घेतली, क्ष-किरणाचा फोटो काढला का, तेही लिहायचं.

सुईणींना मी हात जोडून सांगते, तुमचे डोळे मशीनपेक्षा चांगले आहेत. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी सांगावं, आशाताईने किंवा शाळेतल्या मुलीने लिहावं.

आजच करता येण्यासारखं

आता त्या आईच्या प्रश्नाकडे येते. "माझं काय चुकलं?" बाई, तुझं काही चुकलं नाही. बाळाचा तो नळा गर्भ राहिल्यापासून अठ्ठावीस दिवसांत बंद होतो. तेव्हा बाईला दिवस गेलेत हेही नीट कळलेलं नसतं. त्या दिवसांत अंगात फॉलिक अ‍ॅसिड पुरेसं असेल तर यातली बरीच मुलं नीट जन्मतात. १९९१ साली छापलेल्या एका मोठ्या तपासणीत, आधी असं मूल झालेल्या बायांना गर्भ राहायच्या आधीपासून गोळी दिली, तर शंभरातली सत्तरएक मुलं या व्यंगातून वाचली. किरणं असोत की नसोत, गोळी उपयोगाची आहे.

आपल्याकडे गोळी मिळते गरोदर म्हणून नाव लागल्यावर, तिसऱ्या-चौथ्या महिन्यात. ती रक्तवाढीला चांगली, घ्यायचीच. पण नळ्यासाठी तोवर उशीर झालेला असतो. म्हणून आपली मागणी अशी पाहिजे की लग्न झालेल्या आणि मूल हवं असलेल्या प्रत्येक बाईला आधीपासून रोज फॉलिक अ‍ॅसिडची गोळी मिळावी. ज्या बाईला असं मूल आधी झालं आहे, तिला जास्त ताकदीची गोळी लागते, ती डॉक्टरांनीच द्यायची. सिकलसेलच्या बाईने लोहाची गोळी विचारूनच घ्यायची. फिट्सचं औषध चालू असेल तर आपल्या मनाने बंद करू नका, पण मूल हवं असेल तर आधी डॉक्टरांना सांगा, त्यातली काही औषधं बाळाला बाधतात.

माठ, टाकळा, शेवगा, चवळी, उडीद, वाल हे सगळं खा. भाजी फार वेळ शिजवू नका आणि पाणी फेकू नका, त्यातच सत्त्व जातं. एक बाई मागून विचारते आहे, मग पावसाळ्यात अळंबी खायची नाही काय? खा ना! पोलिसियाच्या जमिनीवर सिझियम पडलं म्हणून तिथे जपायला सांगतात. आपल्याकडे ओळखीची अळंबी खुशाल खा. तिथेसुद्धा स्वच्छ अन्न खाल्लं की काही महिन्यांत अंगातलं सिझियम कमी होतं. म्हणजे तिथेही वाट बंद नाही.

आणि दारू. पुरुष हसतायत, पण मी बायांनाही सांगते. पोटात बाळ असताना दारू घेतली तर बाळाच्या मेंदूला इजा होते. कंपनी दारूचं नाव घेऊन आपली जबाबदारी झटकते, म्हणून आपण दारूवर बोलायचंच नाही, असं नको. दारू सोडणं हे आपलं काम. गाळ झाकणं, पाणी स्वच्छ ठेवणं, कामगारांचे कपडे कामावरच धुणं, मोजमाप लोकांना दाखवणं हे कंपनीचं आणि सरकारचं काम. आपण आपलं केलं की त्यांना त्यांचं करायला लावायला जास्त जोर येतो.

शेवटचं

दोन गोष्टी पाळायच्या. पहिली, वहीतलं नाव बाहेर जाणार नाही. ग्रामसभेत आकडा वाचायचा, घर नाही. जादुगोड्यात फोटोवाले येऊन मुलांचे फोटो काढून गेले. तिथले लोक सांगतात, त्या गावातल्या मुलींची लग्नं जमेनात. आपलं लेकरू आंदोलनाचं पोस्टर नाही. दुसरी, व्यंग घेऊन आलेलं मूल आपलंच आहे. त्याला उपचार, शाळा, पेन्शन मिळवून देणं हे पहिलं काम, आकडा नंतर. फाटलेला ओठ शिवता येतो, वळलेलं पाऊल लहानपणीच प्लास्टर घालून सरळ होतं. लपवून ठेवलेल्या मुलाला यातलं काहीच मिळत नाही.

आता कालच्या बाईच्या प्रश्नाचं उत्तर. उद्या आपल्या डोंगरावर कुठलीही खाण, कारखाना, कसलाही गाळ आला, तर पाच वर्षांनी आपण म्हणू, आमची मुलं बिघडली. ते म्हणतील, आधीही असंच होतं, दाखवा पुरावा. आधीचं आपल्याजवळ काहीच लिहिलेलं नसेल. अणुऊर्जेच्या बाबतीत तर १९६२ च्या कायद्याने सरकारला माहिती दाबून ठेवायची मोकळीक दिली होती. त्यांची वही ते दाखवणार नाहीत. आपली वही आपल्याकडे पाहिजे, आणि ती विष यायच्या आधीपासूनची पाहिजे.

पेसा कायदा १९९६ चा, वनहक्क कायदा २००६ चा. दोन्हींनी ग्रामसभेला जंगल राखायचा अधिकार दिला. ग्रामसभा ठराव करून जन्माची वही सुरू करू शकते, त्याला कोणाची परवानगी लागत नाही. शंभर पानी वही आणि एक पेन, खर्च एवढाच. आज जेवणाआधी प्रत्येक पाड्याने दोन नावं सांगा, एक सुईण आणि एक लिहिणारी. नावं फळ्यावर लिहू.

आणि पहिल्या पानावर मी एक ओळ लिहिणार आहे. तारीख नीट आठवत नाही, पाडा आठवतो. बाळ, मुलगी, पाठ उघडी, तीन दिवस जगली. शून्य नव्हतं ते.

जिंदाबाद.